पुनाबुवांचा चेहरा

पुनाबुवांना देवाघरी जाऊन वर्ष भरत आलं, तेव्हा कुठे बोरटेकच्या राममंदिराच्या पंचांच्या ध्यानात आलं, की बुवांचं एकसुद्धा चित्र गावात नाही. कार्तिक वद्य पंचमीला पहिली पुण्यतिथी. नशिराबादेहून कीर्तनकार यायचे होते, मांडवाचे बांबू येऊन पडले होते, आणि चुली कुठे खणायच्या यावरून दोन भांडणंही होऊन गेली होती. पण ज्यांच्या नावानं हे सगळं चाललं होतं, त्यांना हार घालायचा तर घालायचा कशाला?

"चुडामण दिवाळीनी सुट्टीमां घर येल शे," थोरले पंच तोताराम नाना म्हणाले. "त्याले सांगूत."

पारावर बसलेली मंडळी एकदम हसली.

हसायला कारण होतं. चुडामण उखर्डू पाटील हा याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय एकतीस, धुळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर. लहानपणी गेरूनं गोठ्याच्या भिंतीवर बैल काढायचा. पुढे मुंबईच्या चित्रशाळेत पाच वर्षं राहिला आणि माणसांचे हुबेहूब चेहरे काढण्याबद्दल पदक घेऊन आला. मग काय झालं देव जाणे, पदक मिळालं त्याच वर्षी त्यानं हुबेहूब काढणं सोडलं. आता त्याच्या चित्रात कापसाचं शेत म्हणजे आडवा पांढरा पट्टा, आणि त्यावर लाल-निळ्या रंगाचे तुकडे. ते तुकडे म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाया. हे चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागलं, इंग्रजी पेपरात त्यावर चार ओळी आल्या, आणि बडोद्याच्या एका शौकीन माणसानं ते आपल्या दिवाणखान्यात नेऊन लावलं. नव्या वळणाची चित्रं काढणाऱ्यांत 'तो खानदेशातला पाटील' असं त्याचं नाव झालं. पण मुंबईला पाठवण्याआधी चुडामणनं ते हौसेनं गावात दाखवलं होतं. शेजारची भिकुबाई पदर सावरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पोऱ्या, ह्या बायास्ले नाकच नही! शिंकतीन कश्या?"

तेव्हापासून गावानं त्याचं नाव ठेवलं बिननाक्या चितारी.

"चेहरा काढला की लोक चेहऱ्याशीच बोलत बसतात, कापसाकडे बघत नाहीत," असं चुडामण मुंबईत सांगायचा आणि तिथे ते पटायचं. बोरटेकला भिकुबाईपुढे ते सांगायची सोय नव्हती.

तर नाना संध्याकाळी त्याच्या घरी आले. खाटेवर बसले, पाणी प्याले, आणि काम सांगून झाल्यावर बोट उगारून म्हणाले, "नाक काढजो हां, भाऊ. दोन डोया, दोन कान, एक नाक. देवनी जे देयल शे ते बठ्ठं पाहिजे. तुनं ते मुंबईनं मुंबईमां ऱ्हाऊ दे."

"काढी देस, नाना," चुडामण म्हणाला. लगेच म्हणाला. कारण पुनाबुवांसाठी तो नाही म्हणूच शकत नव्हता.

बुवा म्हणजे कोणी शास्त्री-पंडित नव्हेत. दिवसभर शेतात राबणारा माणूस. पण एकादशीला फेटा बांधून, उपरणं कमरेला गुंडाळून नारदाच्या गादीवर उभे राहिले, की बुवा उरतच नसत. पूर्वरंगात थोडा उपदेश, तोही लोकांच्या अहिराणीत, आणि मग उत्तररंगात आख्यान लागलं की देऊळ भरून माणसं उभी व्हायची. राक्षस यायचा, गवळण यायची, दरिद्री ब्राह्मण यायचा, कोतवालीतला जमादार यायचा. सगळे एकट्या पुनाबुवांच्या अंगात. बायका पदरानं डोळे पुसत आणि त्याच पदरात तोंड घालून हसत.

चुडामण एकोणीस वर्षांचा होता, तेव्हा त्याच्या वडिलांनी, उखर्डूआबांनी साफ सांगितलं होतं, की चितारीपणासाठी या घरातून कोणी मुंबईला जाणार नाही. त्या एकादशीला बुवांनी आख्यानात एक बाप आणला. तो कुठल्याच पुराणात नव्हता. तो बाप आपल्या अंगणात उगवलेलं आंब्याचं रोप उपटायला निघाला होता, आणि देव त्याला हात जोडून म्हणत होता, "बाबा रे, हे मी लावलं होतं. तुला सावली नको असली तर नको, पण उपटतोस कशाला?" आणि तो बाप उत्तर देण्याआधी घसा खाकरायचा. ते खाकरणं थेट उखर्डूआबांचं. सगळं देऊळ मागे वळलं आणि आबांकडे बघून हसलं. आबा आधी तापले, मग त्यांनाच हसू फुटलं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः गाडी जुंपली आणि मुलाला अमळनेर स्टेशनावर सोडून आले.

असा तो माणूस. त्याचं चित्र काढायला चुडामण दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात बसला, कोळसा हातात घेतला आणि डोळे मिटले.

त्याला चेहरा आठवेना.

फेटा आठवत होता. मानेवरचा घाम आठवत होता, उपरण्याची पाठीमागची गाठ, वर गेलेल्या हातातल्या चिपळ्या. सगळं मागून. कारण आठव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिला होता. टाळकऱ्याची जागा पाठीमागे. अकरा वर्षं त्यानं बुवांची पाठ बघितली होती.

फोटो एक होता. जळगावचा एक फोटोवाला जत्रेत आला असताना लोकांनी बुवांना बळेच त्याच्यापुढे बसवलं होतं. फोटोवाला म्हणाला, श्वास धरा, हलू नका. बुवांना हलू नका म्हणणं म्हणजे नदीला थांब म्हणण्यासारखं. त्यांनी त्यालाच विचारलं, "तुनं गाव कोणतं रे भाऊ?" आणि त्या बोलण्यात फोटो निघाला. गळ्यापर्यंत सदरा, गुंड्यांसकट स्वच्छ. त्यावर चेहऱ्याच्या जागी पिंजलेला कापूस.

चुडामण मग बुवांच्या घरी गेला. बुवांच्या मागे घरात एकटी त्यांची बायको, झुंबरअक्का. पोरंबाळं नव्हती. अक्का ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. चुडामणनं आपण कशासाठी आलो ते सांगितलं, वही उघडली आणि म्हणाला, "अक्का, बुवासनं तोंड कसं व्हतं, जरा सांग."

सूप थांबलं. अक्कानं रस्त्याकडे बघून घेतलं. मग आवाज खाली आणला.

"तुले एक सांगस. कोणले सांगू नको."

"नही सांगाव."

"माले त्यासनं तोंड याद नही येस."

चुडामणनं वही मिटली.

"पहाटले देवनं नाव लेस, डोया मिटस," अक्का म्हणाली. "राक्षस दिसस. गवळण दिसस. तो दरिद्री बामन दिसस. चुल्हापुढे बठ्ठं पहिलं मन्हासमोरच करेत ना. पण ते सोता नही दिसतस. चाळीस वरीस संसार करा, भाऊ. सासू-सासरा जिवंत व्हतात तवलगून मान वर करीसन दखानी सोय नव्हती, मंग तीच सवय पडी गयी. आते कोणले इचारू, मन्हा घरधनी कसा दिसे म्हणीसन?" तिनं सूप खाली ठेवलं. "मन्हाशी काही चुकनं म्हणीसन देवनी असं करं का रे?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भीती होती. देवाचं नाव घेताना घाबरलेली माणसं चुडामणनं आजवर पाहिली नव्हती.

"मी काढी देस, अक्का," तो म्हणाला. "तू दखशी."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते घरी येताना त्याला कळलं. पंचांचं चित्र चुकलं असतं तर गाव हसलं असतं, एवढंच. हसण्याची त्याला सवय होती. पण त्या म्हातारीला तो शब्द देऊन बसला होता, आणि त्याच्याकडे होती फक्त एक पाठ.

मग त्यानं गाव पालथं घातलं. वही काखेत मारून दारोदार. सगळ्यात आधी छगन मृदंगवाला, कारण तो बुवांच्या बाजूला बसायचा.

"बुवा?" छगन म्हणाला. "ह्या मोठाल्या मिशा! डोया असा वटारेल, की माणूसना धोतरमां थरकाप."

चुडामणनं मिशा काढल्या. तिथून तो झिपरूकडे गेला. झिपरू देवळातल्या समया लावायचा, कीर्तनभर समोरच बसायचा.

"मिशा?" झिपरू चित्र बघून ओरडला. "कोणी सांगं तुले? बुवा गुळगुळीत. नाजूक. हनुवटीवर बोट ठेवीसन असं लाजेत, की बस!"

तोताराम नानांनी सांगितलं, बुवांचे गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, पाहिलं की जीव कळवळावा. भिकुबाईनं सांगितलं, बुवा म्हणजे भरल्या अंगाचे, राजासारखे. रात्री जेवताना चुडामणनं वडिलांना विचारलं. आबांनी घास चावला, विचार केला, घसा खाकरला.

"माले इचारू नको," आबा म्हणाले. "मी डोया मिटस, तव्हय माले ते खाकरताना दिसतस. आणि ते तोंड मन्हंच शे."

चार दिवसांत सतरा कागद झाले. चुडामणनं ते खाटेवर पसरले. सतरा माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि कोणीच कोणाचा नातेवाईकसुद्धा वाटत नव्हता. छगनला जमादार आठवत होता, झिपरूला गवळण, नानांना दरिद्री ब्राह्मण. ज्याच्या मनाला जे आख्यान लागलं, त्याच्याकडे तो चेहरा राहिला. पुनाबुवांनी स्वतःला गावभर वाटून टाकलं होतं, आणि स्वतःपुरतं काही ठेवलं नव्हतं.

पंचमीला नऊ दिवस उरले.

पाचव्या दिवशी तो देवळात गेला. चित्राचं काही सुचत नव्हतं म्हणून देवापुढे बसावं, एवढ्याच विचारानं. तिथे सभामंडपात छगन आणि झिपरू मांडवाची दोरी सोडवत होते आणि भांडत होते. भांडण त्याच्याच वहीवरून लागलं होतं.

"मिशा म्हणे! तू बुवासले कधी दखंच नही!" झिपरू म्हणत होता.

"मी नही दखं? मी?" छगननं दोरी टाकली. "बावीस वरीस मृदंग वाजाडा मी! दर कीर्तनले पाया पडा. माले इचार, उजवा पायना अंगठानं नख कसं व्हतं?"

"उभं चिरेल," झिपरू ताडकन म्हणाला. "बैलनी पाय देयल व्हता."

"मंग करंगळी?"

"कोणती? डावी ना? शेजारना बोटवर चढेल."

"आणि टाच?"

"भेगाच भेगा. त्यामां मेण भरेल."

"हां!" छगन म्हणाला. दोघांचाही आवाज खाली आला, आणि आपण कशावरून भांडत होतो, हे दोघांनाही क्षणभर आठवेना.

चुडामण खांबाला टेकून बसला होता तो सरळ झाला. त्याची वही उघडी होती आणि हात आपोआप चालत होता.

कीर्तन संपलं, आरती झाली, की गादीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाया पडायचं. तिथे वय नाही, नातं नाही, मान नाही. त्या घटकेला तो पुना नसतो, नारदाच्या जागी उभा असतो. म्हणून बुवांचे सख्खे चुलते काठी बाजूला ठेवून त्यांच्या पाया पडत. सगळं गाव रांगेनं पुढे सरकायचं, एकेकाची मान खाली जायची, कपाळ टेकायचं. उठावं तर बुवा लगेच उराशी धरायचे, म्हणजे त्यांचं तोंड आपल्या खांद्यापलीकडे. मग मागचा माणूस ढकलायचा. तीस वर्षं बोरटेकनं आपल्या बुवांना बघितलं होतं, आणि जवळून बघितलं होतं ते फक्त घोट्यापर्यंत.

त्या दिवशी चुडामण पुन्हा दारोदार फिरला, पण आता त्यानं चेहऱ्याचं विचारलं नाही. पुरुषांना विचारलं, बायकांना विचारलं. कोणी उंबऱ्यावर बसून आपल्या पायावर बोट ठेवून दाखवलं, कोणी राखेत काढून दाखवलं. डाव्या घोट्याखाली बाभळीचा काटा मोडून राहिलेला काळा ठिपका. उजवं पाऊल थोडं बाहेर फेकलेलं, कारण ताल त्या पायानं धरायचे. कोणाचं सांगणं दुसऱ्याच्या विरुद्ध गेलं नाही. मुंबईत शिकताना चित्रशाळेत माणूस समोर बसवून त्यानं तासन्‌तास चित्रं काढली होती. पण एवढं पक्कं माहीत असलेलं काही त्यानं आजवर काढलं नव्हतं.

अमळनेरच्या गिरणीचं जाडंभरडं कापड त्यानं लाकडी चौकटीवर ताणलं. चार फूट उंच, तीन फूट रुंद. गोठ्यातला एक बैल बाहेर बांधला आणि त्याच्या जागी उभं राहून सहा दिवस काम केलं. खालच्या बाजूला देवळाची गार निळी-काळी फरशी. तिच्यावर दोन पावलं, धोतराच्या काठाखाली. आणि त्यावर काहीच नाही. म्हणजे समईच्या उजेडाचा रंग, खाली तांबूस, वर वर जाताना हळदीसारखा, अख्खं कापड भरून. ना सदरा, ना फेटा, ना तोंड. तिथे काही काढावं असं त्याच्या हाताला वाटलंच नाही.

आबा रोज वैरण टाकायला येत आणि तिरक्या नजरेनं बघत. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना.

"पाच वरीस मुंबईले ऱ्हायना," ते म्हणाले, "आणि काढा काय, तर पाय."

आबा वैरण टाकून परत जायला निघाले, दारात थांबले, वळून आले आणि वाकून बारकाईनं बघू लागले.

"डावी टाचनी भेग आखो थोडी लांब व्हती," ते पुटपुटले. "आठलगून." आणि रंग ओला आहे हे न बघता त्यांनी बोट ओढून दाखवलं. ती भेग तशीच राहिली. चुडामणनं तिला हात लावला नाही.

चतुर्थीच्या दुपारी चित्र पुरं झालं. चुडामण त्याच्यापुढे उकिडवा बसला. काम चांगलं झालं होतं, हे त्याला कळत होतं. हातानं इतकं खरं याआधी कधी काढलं नव्हतं. पण त्याचं मन खात होतं. अक्कानं पाय मागितले नव्हते. तोंड मागितलं होतं. तो डोळे मिटून घाबरणाऱ्या म्हातारीला काढी देस म्हणून आला होता, आणि आता हे घेऊन जायचं. उद्या भर देवळात ती हे बघणार, चार लोकांत मान खाली घालणार, आणि पुन्हा पहाटे एकटी बसणार. त्यापेक्षा आजच जाऊन सांगावं, अक्का, मला जमलं नाही.

चित्रावर घोंगडी टाकून ते डोक्यावर घेऊन तो निघाला. वाटेत तोताराम नाना भेटले.

"व्हयनं? दखाड."

"पहिले अक्काले दखाडस, नाना."

"पंच मी का अक्का?" नाना म्हणाले आणि तरातरा त्याच्यामागून चालू लागले.

अक्का ओसरीवरच होती. टांगायला खुंटी नव्हती, म्हणून चुडामणनं चित्र खालीच, भिंतीला टेकवून ठेवलं. घोंगडी काढली आणि बाजूला उभा राहिला. उन्हाची तिरीप ओसरीवर आली होती.

नाना बघतच राहिले. मग त्यांची मान हळूहळू वर गेली, चित्राच्या वरच्या काठापर्यंत, आणि तिथून चुडामणकडे वळली.

"तोंड कोठे शे?"

"नही काढता उनं, नाना."

"नही काढता उनं? उद्या नशिराबादना बुवा येतीन, पंचक्रोशी येई, आणि आम्हीन त्यासले सांगूत, की आमना बुवा घोटालगूनच व्हतात?"

चुडामण अक्काकडे बघत होता. तिनं सूप बाजूला सरकवलं, उठली आणि चित्राजवळ आली. नमस्कार करेल असं त्याला वाटलं, पण तिनं नमस्कार केला नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि पावलांशी बसली, एक गुडघा वर करून, जरा बाजूला, काम करायला बसावं तशी. हात पुढे गेला आणि रंगापासून चार बोटांवर थांबला. डाव्या टाचेवरून तिची नजर घोट्यावर गेली, तिथून करंगळीवर. चेहरा वाचता येईना.

"अक्का," तो म्हणाला, "माले माफ कर. तू तोंड सांगेल व्हतं..."

अक्कानं एकदम मान वर केली. चित्राच्याही वर, जिथे नुसती सारवलेली भिंत होती तिथे ती बघत राहिली. आणि मग ती हसायला लागली. आधी ओठांत, मग मोठ्यानं, पदर तोंडाला लावून.

नाना दचकले. "काय व्हयनं, वहिनी?"

"चटका बसना त्यासले!" अक्का म्हणाली.

दोघंही एकमेकांकडे बघू लागले.

"कीर्तन करीसन येत ना," तिला हसता हसता सांगवेना, "तव्हय पाय सुजेल ऱ्हायेत. चार-चार तास उभं ऱ्हाणं, ती गार फरशी. मी पाणी तपाडी ठेवू. आणि दर खेपले जास्तीच तपी जाय. पाय बुडावतात, आणि तोंड अस्सं करेत..." तिनं एक डोळा मिटला, खालचा ओठ दाताखाली धरला, मान एका खांद्यावर टाकली. "आणि म्हणेत, झुंबर, माले धुवानं शे का शिजाडानं शे? तव्हय मी वर दखू. दर खेपले दखू, भाऊ! सासू घरमां ऱ्हाये तरी दखू. मी इसरीच गयी व्हती."

आणि मग ते येतच गेलं. पुढचा एक दात अर्धा पडलेला. मिशी बारीक, उजव्या बाजूला जरा उंदरानं कुरतडल्यासारखी. कानावर केस. हसताना नाक वर चढायचं. ना राक्षस, ना गवळण, ना जमादार. साधा, दमलेला, पाणी तापलं म्हणून कुरकुरणारा शेतकरी माणूस. अक्का सांगत होती आणि सांगताना तिचं वय उतरत होतं.

चुडामणचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. अक्कानं ते बघितलं.

"काय करस?"

"आते तू सांगी ऱ्हायनी, तर काढी लेस."

"नको," अक्का म्हणाली. "देवळमां ते वाकडं तोंड कसाले? गावले पाय दे. तोंड माले ऱ्हाऊ दे."

पेन्सिल परत खिशात गेली. दहा-बारा दिवस छातीवर बसलेलं ओझं कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून घ्यावं, तसा चुडामणनं श्वास सोडला. तो ओसरीच्या कडेला बसला.

नाना अजून उभे होते. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. पायांत जोडे होते. ते ओसरीवरून खाली उतरले, जोडे काढले, एक पालथा पडला तो सरळ केला, आणि परत वर आले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, सावकाश खाली वाकले आणि कपाळ टेकलं.

उठल्यावर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे वर टांगानं नही हां. गादीमागला खांबजोडे खालेच ठेवूत. लोकस्ले पाया पडता येवाले पाहिजे." आणि जाता जाता वळून, "हार कोठे घालूत, ते तूच सांगजो. तू काढं शे."

नाना गेले. अक्का उठली आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला.

"जेवी जाय," ती म्हणाली. "तुनं तोंड दख कसं व्हई गये. आबानी कोंडी ठेवेल व्हतं का गोठामां?"

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती आणि वांग्याचं भरीत. चुडामण म्हणाला भूक नाही, आणि तीन भाकरी जेवला. अक्का समोर बसून वाढत होती, भरतात मिरची जास्त झाली म्हणून स्वतःवरच चिडत होती, उद्या किती माणूस येईल ते विचारत होती. बोलता बोलता मधेच ती गप्प व्हायची. डोळे मिटायची, जरा थांबायची.

मग उघडून भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात टाकून म्हणायची, "शे. तठेच शे."